चेन कोणत्या चाकाला

दुर्गेश गाडीखाली अर्धा शिरला होता आणि मयुरा कमरेवर हात ठेवून उभी होती. गाडी दुर्गेशच्या सासऱ्याची. पांढरी, लांबलचक, इतकी महाग की दुकानातला कारागीर मुकुंद तिला हात लावायच्या आधी साबणाने हात धुऊन आला. इथूनच सगळे मनालीला निघणार होते. बर्फात चाक घसरू नये म्हणून टायरला बांधायच्या लोखंडी चेन हव्या होत्या, आणि त्या नागपूरच्या अख्ख्या कामठी रोडवर एकाच दुकानात मिळत. तिथे त्या स्वतःच बांधाव्या लागणार, म्हणून दुर्गेश इथे एकदा बांधून बघत होता.

दोन वर्षांपूर्वी या रस्त्यावर आलेलं ते दुकान मयुराचं आहे, हे दुर्गेशसाहेबांना फाटकातून आत आल्यावर कळलं. सासरे बाबाराव खुर्चीत टेकेपर्यंत त्याने तिला बाजूला गाठलं. "माझ्या बायकोले, खुशीले, आपलं काही माहीत नाही. प्लीज, काही बोलू नको," एवढं पुटपुटला आणि मग मोठ्याने म्हणाला, "मॅडम, चेन दाखवा."

मॅडम म्हणे. पाच वर्षांपूर्वी दीडशे माणसांसमोर याच माणसाने तिच्या बोटात अंगठी घातली होती. साक्षगंध झालं, पत्रिका छापून आल्या, आणि मध्यस्थाच्या तोंडून निरोप आला की टायर खोलणारी मुलगी चारचौघांत शोभत नाही. स्वतः येऊन सांगायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून मयुराच्या वडिलांनी कुणाच्या लग्नाला जाणंच सोडलं. ती काही विसरली नव्हती.

"पुढच्या चाकांना लावतो," गाडीखालून आवाज आला.

मुकुंदने तोंड उघडलं. मयुराने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, त्याने मिटलं.

"बाईले विचारून घ्या ना एकदा, दुर्गेशराव," बाबाराव चहा पिता पिता म्हणाले.

"त्यात काय विचारायचं, बाबा? पुढची चाकंच ओढतात गाडीले. माहीत आहे मले."

बहुतेक गाड्यांचं तसंच असतं. या गाडीचं नव्हतं. हिचा सगळा जोर मागच्या चाकांत. पुढे चेन बांधली की चढावर मागची चाकं जागच्या जागी गरगरणार, आणि उतारावर ब्रेक दाबला की गाडीचा मागचा भाग सरळ दरीकडे वळणार. मयुराला हे पाठ होतं. तरी ती गप्प राहिली. आणि खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं. त्याची पाठ जमिनीला घासत होती, आतला हुक काही सापडत नव्हता, डिसेंबरातही मानेवर घाम आला होता. बघत राहावं असं वाटत होतं.

अर्ध्या तासाने तो उठला. शर्टाचं पोतेरं झालं होतं. "झालं. काढू आता आणि निघू."

पण दुकानाचा एक नियम होता. नागपुरात बर्फ कुठला, म्हणून मयुराच्या वडिलांनी मागच्या अंगणात काळ्या मातीचा चढ करून ठेवला होता. त्यावर पाणी मारलं की तो बर्फाहून निसरडा. गाडी त्यावर चढवून दाखवल्याशिवाय चेन कुणाला द्यायची नाही.

"उशीर होऊन राहिला, पोरी," बाबाराव म्हणाले. "आज राहू दे का ते?"

'जा' हा शब्द मयुराच्या अगदी ओठांवर आला. एवढा एक शब्द, की झालं. तेवढ्यात मागच्या सीटवर बसलेल्या खुशीने काच खाली केली. तिच्या मांडीवर दोन वर्षांचा स्वानंद पेंगत होता.

"ताई, बाळ आहे सोबत. काही होणार नाही ना?"

मयुराला स्वतःची लाज वाटली. राग मात्र तसूभर कमी झाला नाही.

"नियम म्हणजे नियम, काका. तुम्ही बाळाला काकांकडे द्या आणि उतरा, खुशीताई. चढवू द्या यांना."

मुकुंदने पाईप धरून चढ भिजवला. दुर्गेशने गाडी चढाला लावली, ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं जागेवर फिरली, चिखल फाटकापर्यंत उडाला, आणि गाडी इंचभर हलली नाही. त्याने पुन्हा दाबला. चाकं आणखी खाली रुतली. मुकुंद तोंड फिरवून हसला.

"काहून चढून नाही राहिली वं?" बाबारावांनी विचारलं.

"गाडी मागच्या चाकांवर चालते, काका. यांनी चेन पुढे बांधली."

"मग तू सांगितलं काहून नाही?"

"यांनी विचारलं कुठे? यांना सगळं माहीत होतं."

बाबाराव जावयाकडे बघत राहिले. "माझा नातू बसणार होता या गाडीत, दुर्गेशराव," ते हळूच म्हणाले. दुर्गेश चिखलात उभा राहून बूट बघत होता.

गाडी मागे सपाटीवर घेतल्यावर मयुराने चेन सोडवली आणि त्याच्याकडे न बघता खुशीच्या हातात दिली. कुठून पसरायची, हुक आतून कसा अडकवायचा, गाडी हातभर पुढे घेऊन परत कशी ताणायची, सगळं दाखवलं. खुशीने पंधरा मिनिटांत मागची दोन्ही चाकं बांधली, स्वतः गाडी चालवली आणि एका दमात चढावर नेली. मग चेन काढून डिक्कीत ठेवल्या.

निघताना मयुरा खुशीच्या खिडकीशी वाकली. दुर्गेश स्टिअरिंगवर बसून तिच्याकडेच बघत होता. तिने खुशीच्या कानाला तोंड लावलं.

"हातमोजे दोन जोड ठेवा. एक भिजतोच. आणि मी काय बोलले, ते यांना सांगू नका. कितीही विचारलं तरी."

"काहून?" खुशी हसली.

"असंच. तुमच्यामाझ्यात राहू द्या."

खुशीने दुर्गेशकडे एकदा पाहिलं, मान डोलावली आणि काच वर केली.

गाडी निघाली. पण रस्त्याला लागायच्या आधीच, फाटकापाशी, तिचे मागचे लाल दिवे लागले. आत दुर्गेश मान वळवून बायकोला काहीतरी विचारत होता.