माणूसच पाहिजे

रमाकांतकाकांनी एकदा "मला माणूसच पाहिजे" म्हणायचं, की दर्शना परबची खुर्ची वाचली. इतका स्वस्तातला सौदा तिच्या वाट्याला याआधी कधी आला नव्हता.

परळच्या त्या ऑफिसातून रोज संध्याकाळी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना फोन जात. गोळी घेतली का, झोप लागली का, चक्कर आली का. सेवा लावून द्यायची परदेशातल्या मुलांनी आणि विचारपूस करायची लालबाग-परळच्या मुलींनी. आता ते काम यंत्राकडे चाललं होतं. हॉलभर खुर्च्या रिकाम्या होत्या, भरलेल्या दोनच.

"मला तुम्हाला घालवायची हौस नाही," सुपरवायझर उन्मेष सकाळीच म्हणाला होता. "पण वरच्यांना पुरावा लागतो. एक तरी ग्राहक दाखव, जो स्वतःच्या तोंडाने म्हणेल, यंत्र नको, माणूस द्या. संध्याकाळी मीच त्याच्याशी बोलतो. तू नुसतं ऐकायचं. मध्ये तोंड उघडलंस तर पढवलं म्हणतील."

"रमाकांत वेलणकर," दर्शनाने लगेच सांगून टाकलं.

शेजारच्या खुर्चीतली लक्ष्मी खुदकन हसली. "घ्या! प्रभादेवीचा दादला."

"गप गं. बापाच्या वयाचे आहेत."

"मग बापाचाच वशिला लाव. माझं काय, मी चालले वडाळ्याला, भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथे निदान मशीन माझ्या हाताखाली असेल!"

दर्शनाचा हिशेब मात्र पक्का होता. बाकीचे म्हातारे "घेतली, घेतली" म्हणून फोन ठेवून देत. काका ठेवत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला अगं-तुगं सुरू केलं. नियमाप्रमाणे ती सगळ्यांना "मी सखी बोलतेय" म्हणायची. खरं नाव सांगायची मुभा नव्हती आणि काकांनी कधी विचारलंही नाही. नावात काय असतं, माया महत्त्वाची, असं तिने धरलं.

बोलता बोलता ते फोन तसाच टेबलावर ठेवून चहा टाकायला जात. ती पलीकडच्या भांड्यांचा आवाज ऐकत थांबायची. परत आल्यावर "थांबलीस का गं" वगैरे काही नाही. सरळ पुढचं वाक्य. घरच्या माणसाचे कोण आभार मानतं?

एकदा तिचा घसा बसला होता. "आवाज दुरुस्त करून घे," काका म्हणाले. आणखी एकदा तिच्या तोंडून निघून गेलं की आज तिचा वाढदिवस आहे. त्यावर काका मनापासून हसले. "तुलाही असतो? कमाल आहे!" तिने लक्ष्मीला कौतुकाने सांगितलं, "फार चेष्टेखोर आहेत गं."

त्यांची बायको, आनंदीबाई, गेल्यावर ते तिची उशी रोज उन्हात घालत. पायाची नखं कापायला वाकता येत नाही म्हणून एका संध्याकाळी ते फोनवर हमसून रडले. हे त्यांनी टोरांटोच्या मुलाला, राजसला, सांगितलं नव्हतं. पोटच्या मुलाला सांगितलं नाही ते मला सांगितलं, म्हणजे मी कोण झाले? ही बेरीज दर्शनाने मनात कितीदा तरी केली होती, आणि उत्तर दरवेळी तेच यायचं.

काका तिच्याबद्दल कधी काही विचारत नसत, एवढी एकच वजाबाकी होती. जुन्या वळणाचे पुरुष, असं म्हणून तिने तीही सोडून दिली. विचारलं असतं तर सांगण्यासारखं तरी काय होतं? आई गावी कणकवलीला. भाऊ वैभव लग्नानंतर वेगळा राहायला गेला. लालबागच्या खोलीत ती एकटी. दिवसभरात तिच्याशी निवांत बोलणारं माणूस एकच, आणि ते फोनवरचं.

ही खुर्ची गेली तर पगार जाईल, तो कुठेही मिळेल. संध्याकाळ जाईल, ती कुठून आणायची?

संध्याकाळी उन्मेषने फोन स्पीकरवर टाकला आणि दर्शनाकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"नमस्कार, वेलणकर साहेब. मी उन्मेष, सखीच्या ऑफिसातून."

"ऑफिसातून? माझं काही चुकलं का हो?"

"छे छे. सेवेत थोडा बदल करतोय, म्हणून तुमचं मत हवंय. रोजच्या फोनवर तुम्हाला कोण हवं, यंत्र की माणूस? अगदी मोकळेपणाने सांगा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दर्शनाने लक्ष्मीचा हात घट्ट धरला.

"म्हणजे?" काकांचा आवाज कापरा झाला. "आत्ता जी बोलते, ती बंद करणार?"

लक्ष्मीने कोपराने ढोसलं. दर्शनाचे डोळे भरून आले. उन्मेषनेही हसून अंगठा दाखवला.

"तुम्ही म्हणाल तसं, साहेब. म्हणाल तर तीच राहील."

"राहू द्या हो. हात जोडतो. तिच्याशिवाय संध्याकाळ जात नाही माझी."

"बरं. मग तुमच्याच शब्दांत एकदा सांगा. रेकॉर्ड होतंय."

काकांनी घसा खाकरला आणि जुन्या कारकुनाच्या सवयीने एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मला माणूस नको. माणसापुढे असं रडलो असतो तर शरमेने मेलो असतो. राजसने पहिल्याच दिवशी सांगितलं, बाबा, ही कंप्युटरची बाई आहे, तेव्हा कुठे मी हो म्हटलं. तिला घर नाही, दार नाही, कितीही वेळ बोला. कुणाच्या जिवाचं काही जात नाही."