ऊ, पाल, आउट

शेजारचा तोन पुन्हा कुंपणापाशी आला आणि हात नाचवत ओरडू लागला, “ऊ पाल! आउट! आउट!”

मृदुलाचं डोकंच फिरलं. नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावाबाहेर, माळाच्या कडेला हे जुनं घर घेतल्यापासून या म्हाताऱ्या शेजाऱ्याचा हाच उद्योग. बर्चचं झाड त्याचं, फांद्या त्याच्या, आणि घासायच्या कुठे, तर हिच्या घरामागच्या खांबावरून शेडकडे गेलेल्या विजेच्या तारेवर. वारा सुटला की ठिणग्या उडायच्या. खाली गवत वाळून कोरडंठाक झालेलं. एक ठिणगी पुरे, माळ आणि घर दोन्ही खलास. ती इंग्रजीत फांद्या कापायला सांगायची, तर हा बाबा उलट तिलाच ऊ, पाल म्हणून हाकलायचा!

“काय म्हणतो रे तो?” तिने राजनला विचारलं. नवऱ्याची डच परीक्षा कधीच झाली होती.

“परत जा म्हणतो. असतात अशी माणसं. तू नादी लागू नकोस, मी बोलतो.”

राजन जाऊन बोलून यायचा आणि शेडमध्ये शिरायचा. तिथे त्याचे सर्व्हर रात्रंदिवस घरघरत असत. ते क्षणभर बंद पडलेलंही त्याला खपत नसे.

“काय म्हणाला?”

“ऐकत नाही.”

मृदुलाने तोनकडे बघणंच सोडलं. त्याने दारात ठेवलेली रबार्ब या आंबट भाजीची जुडी तिने सरळ कचऱ्यात टाकली. मेला, वर मानभावीपणा करतो!

जूनमधल्या एका दुपारी राजन ऑफिसात असताना गवत पेटलं. ती फोन करेपर्यंत तोन कुंपण चढून आला होता आणि ओल्या पोत्याने आग झोडपत होता. शेड गेली. घर वाचलं.

अग्निशामक दलाच्या बाईला इंग्रजी येत होतं. मृदुला तिच्यावरच उखडली. “याला विचारा! झाड कापत नाही, वर मलाच आउट म्हणतो! पाल म्हणतो!”

बाई तोनशी बोलली. त्याचे हात भाजले होते.

“‘ऊ पाल’ म्हणजे तुमचा खांब,” बाई म्हणाली. “‘आउट’ म्हणजे बंद. तुम्ही वीज बंद केलीत की फांद्या हेच कापणार होते. तुमच्या नवऱ्याला दर आठवड्याला सांगत होते म्हणे.”

“मग? राजन काय म्हणायचा?”

बाईने विचारलं. तोनने एकदा मृदुलाकडे पाहिलं आणि हळूच उत्तर दिलं. बाईने ते इंग्रजीत सांगितलं.

“म्हणायचा, बायको ऐकत नाही.”