नुसता आवाज

"फायबरची तार घेतली तर माणूस समोर बसल्यासारखा दिसेल," प्रेमराज म्हणाला. "सिमकार्डवर चालणाऱ्या डब्यात ते सुख नाही. तुमचं घर सोनगीरच्या किल्ल्याआड, रेंज मार खाते. आवाज येईल, चित्र अडकेल. आणि भाडं दोन्हीचं सारखंच."

"मंग डबाच लाव भाऊ," सुंदरबाई म्हणाल्या.

धुळ्याहून तारेचं भेंडोळं घेऊन आलेला प्रेमराज चक्रावला. चित्र अडकतं म्हणून लोक त्याला शिव्या घालत. अडकलेलंच हवं म्हणणारं हे पहिलं गिऱ्हाईक. त्याने सुंदरबाईंच्या मुलाकडे, आकाशकडे पाहिलं. भर उकाड्यात, घरात बसून, आकाशच्या डोक्यावर टोपी होती.

"सुरतेहून दाजींचाही फोन आला होता," आकाश म्हणाला. "तार नको, डबाच घ्या म्हणे."

डबा बसवून प्रेमराज गेला, तशी आकाशने टोपी काढली. मुंडण केलेल्या डोक्यावर जेमतेम खुंट उगवले होते. सुंदरबाईंचं कपाळ मोकळं होतं.

आकाशचे वडील, आबा, गेल्याचं त्यांनी लेकीला, ज्योतीला, कळवलंच नव्हतं. तिला सुरतेला आठवा महिना, त्यात रक्तदाब चढलेला. बाळंतपण होईपर्यंत धक्का नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिचा नवरा कुंदन तेवढा कामाचं निमित्त सांगून दशक्रियेला येऊन गेला. घरी नेट घ्या, मला आबा रोज दिसले पाहिजेत, हा ज्योतीचाच हट्ट. हल्ली तिने तगादा सोडला होता. तरी नेट घेतलं नाही तर पोरीला संशय येईल, अशी सुंदरबाईंना धास्ती. पोटच्या पोरीशी खोटं बोलणं त्यांच्या जिवावर येत होतं. पण एक जीव गेला होता, आता दोन सांभाळायचे होते.

आबांचा आणि आकाशचा आवाज फोनवर कुणालाच वेगळा ओळखू येत नसे.

संध्याकाळी ज्योतीचा कॉल आला. पडद्यावर नुसते चौकोन हलले, मग तेही थिजले.

"माय, काहीच दिसत नही."

"रेंज नही वं. तू कशी शे?"

"मजामा शे. आबा कोठे शेतस?"

आकाश घसा खाकरून पुढे सरकला. "बोल बेटा."

"आबा, गोया टायमावर लेतस ना? डॉक्टरनी सांगेल शे, तुमना हृदयले ताण नको."

"लेस वं. तुन्हं बाळ काय म्हनस?"

पलीकडून काहीच आलं नाही. रेंज गेली, असं आकाशला वाटलं. मग ज्योती म्हणाली, "लई लाता मारस."

सुंदरबाईंनी पदर तोंडाशी धरला. आबा गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

सुरतेत ज्योतीने फोन खाली ठेवला. ओसरलेल्या पोटावर हात ठेवून ती कुंदनकडे वळली.

"बरं झालं, तुम्ही डबाच घ्यायला लावला," ती म्हणाली. "आपलं बाळ गेलं, हे आबांना सोसलं नसतं."

"हो," कुंदन म्हणाला.