अपुरा पुरवठा

युरियाच्या थप्पीशेजारी कादंबऱ्यांची थप्पी होती, आणि कृषी अधिकारी दोन्ही थप्प्यांकडे सारख्याच संशयाने बघत होते.

“ही काय भानगड आहे, शेठ?”

“साहित्य आहे,” युवराजशेठ म्हणाले.

कंपनी युरिया देताना न खपणारी फवारणीची औषधं दुकानदाराच्या गळ्यात मारते आणि दुकानदार ती शेतकऱ्याच्या. याला लिंकिंग म्हणतात. वडगाव निंबाळकरच्या युवराजशेठनी औषधांच्या जागी स्वतःची कादंबरी बसवली होती, एवढाच फरक. पुण्याच्या प्रकाशकांनी उत्तरं दिली नाहीत, म्हणून ‘सप्तकुंडाची यक्षिणी, भाग पहिला’ त्यांनी बारामतीत पदरच्या पैशांनी छापून घेतली होती. दोन पोत्यांवर एक यक्षिणी, नावाला वीस रुपये. शेतकरी नोट काढून देत, पुस्तक पोत्यावर टाकत आणि विचारत, “पंपाला किती टाकायचं हे, शेठ?” पहिल्या दिवशी शेठही हसले होते.

आता पंचक्रोशीत यक्षिणी नाही असं घर शोधावं लागलं असतं. ती वाचलेला माणूस मात्र शेठना अजून भेटायचा होता.

“फोनवर तक्रार आलीय,” अधिकारी म्हणाले. त्यांचं नाव ऋषिराज. नोकरी नवी, त्यामुळे कायदा तोंडपाठ. “खताबरोबर सक्तीने दुसरा माल देता येत नाही. परवाना जातो.”

“कबूल. आजपासून बंद.”

“एवढ्यावर मिटत असतं तर मी बारामतीहून उन्हात आलो नसतो.” त्यांनी घाम पुसला. “तक्रारदाराचं सक्तीबद्दल काही म्हणणंच नाही. म्हणणं असं, की दुकानदाराने पहिला भाग दिला आणि दुसरा दिलाच नाही. गोष्ट मधेच तुटते. मी हे ‘अपुरा पुरवठा’ म्हणून नोंदवलंय.”

शेठनी चहाचा कप तोंडापर्यंत नेला होता, तो तसाच खाली ठेवला.

“असं कोण म्हणालं?”

“नाव गुप्त असतं.”

“बाईमाणूस का बाप्या?”

“गुप्त म्हणजे गुप्त.”

“गाव तरी?”

“सांगितलं की तुम्ही त्रास देणार.”

“त्रास कसला देतोय साहेब,” शेठ म्हणाले. “चहा पाजीन.”

अधिकाऱ्यांनी रीतसर समज दिली. मग तक्रार निकाली काढायची म्हणून विचारलं, “दुसरा भाग कधी येणार?”

“लिहायला घेतलाच नाही.”

“का?”

“कुणासाठी?”

हे उत्तर कुठल्याच रकान्यात बसेना, तेव्हा त्यांनी ते लिहिलं नाही. पुरावा म्हणून एक प्रत काखेत मारली आणि निघाले.

त्यांची जीप वेशीवर पोचायच्या आत बातमी तिथं पोचली होती, की पुस्तकापायी कुणीतरी शेठवर कागद केला. ऐन युरियाच्या टंचाईत दुकानदाराशी वाकडं कोण घेणार? जो येई तो आधी शपथ घेई, मग खताच्या नोंदीसाठी आधारच्या मशीनवर अंगठा लावी.

“शेठ, आमी तर उघडलंबी न्हाय,” दत्तोबा म्हणाले. “हाय तसं माळ्यावर हाय. येऊन बघा.”

“आमच्यात तर पयल्याच दिवशी बंबात घातलं!” मागचा ओरडला. आपल्यावर बालंट नको म्हणून.

शेठ प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघत आणि मान डोलवत. एवढ्या साक्षीदारांनिशी न वाचली गेलेली कादंबरी तालुक्यात दुसरी नसेल.

ऊन कललं, रांग सरली, तेव्हा गोजरबाई आल्या. मळ्यात त्या एकट्याच राहत. सोबतीला दोन म्हशी.

“एक पोतं द्या, मक्याला. आन् आदीच सांगते शेठ, मी काय ते वाचलं न्हाय. माजा काय संबंद? ती नीलाक्षी सातव्या कुंडात बुडाली का त्या रणधीरनं तिला वडून काढली, मला काय ठावं!”

एवढं बोलून गोजरबाईंनी पदर तोंडाला लावला.

“बरोबर हाय, आक्का,” शेठ म्हणाले. “न वाचता कसं कळंल?”

त्यांनी मशीन पुढं सरकवलं. मशीन अंगठा घेईना. खुरपं धरून धरून झिजलेल्या रेषा त्याला दिसत नव्हत्या. गोजरबाई बोट पदराला पुसत, पुन्हा टेकवत. दोघंही मशीनकडे बघत उभे होते.

शेठना विचारायचं होतं, की रणधीरची थाप तुम्हाला आधीच कळली होती का. हसलात कुठं. तिनं उडी घेतली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं, का तसंच हातात धरून बसलात. पण एक शब्द जरी विचारला असता, तरी गोजरबाईंनी पुढचं पोतं दुसऱ्या गावाहून नेलं असतं.

मशीन वाजलं. अंगठा जुळला.

“पोतं कुणाच्या गाडीत टाकू?” शेठनी विचारलं.

“त्या टमटममदी.”

गोजरबाई पायरी उतरल्या आणि तिथंच थांबल्या. पाठमोऱ्या, रस्त्याकडं बघत.

“न वाचलेल्या मानसानं बोलू न्हाय,” त्या म्हणाल्या. “पर लिवाल तवा जरा जाड लिवा. मळ्यात सांज लई लांब आसती.”