इंजेक्शनाआधीची चूळ

"चूळ भरा, काका," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

खुर्चीतल्या निवृत्त बस कंडक्टरनं पाणी तोंडात घेतलं. "हिला जन्मात जमलं नाही माझं तोंड बंद करणं, आता तुम्ही बघा," असं शेजारी उभ्या बायकोकडे बघत म्हणून तो नुकताच हसला होता. पण चूळ बेसिनपर्यंत पोचलीच नाही. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी हनुवटीवर आणि तिथून शर्टावर ओघळलं.

"इंजेक्शनानं बधिर झालंय, दुसरं काय!" म्हणत काकूंनी रुमाल काढला.

डॉक्टरीणबाईंनी ट्रेकडे पाहिलं. भरलेली सिरिंज तिथे तशीच होती.

"काकू, इंजेक्शन मी अजून दिलेलंच नाही. काका, दोन्ही हात वर करा बरं."

उजवा वर गेला. डावा अर्ध्यातूनच मांडीवर पडला. काका काहीतरी बोलले. शब्द एकमेकांत कालवल्यासारखे.

अँब्युलन्सला फोन लावता लावताच डॉक्टरीणबाईंनी काकूंना विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना?"

काकूंचा चेहरा उतरला. "मीच बंद केली हो. मागच्या वेळी दात काढला तेव्हा उशी रक्तानं भरली होती. म्हटलं, एवढा दात निघेपर्यंत नको."

अँब्युलन्समध्ये काकूंनी पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंना सांगावंच लागलं. रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटू नयेत म्हणून ती गोळी होती. त्या चिकटल्या असणार, गुठळी होऊन मेंदूकडे जाणारं रक्त अडलं असणार.

"म्हणजे माझ्यामुळे..."

"आत्ता ते नको. त्यांच्याशी बोलत राहा."

हॉस्पिटलात स्कॅन झाला, गुठळी विरघळवायचं औषध सुरू झालं. दोघी बाहेर बाकावर बसून राहिल्या. दार उघडलं की काकू उठायच्या, पुन्हा बसायच्या.

अखेर आत बोलावलं. काकांना अजून नीट बोलता येत नव्हतं, पण काकूंनी डाव्या हातात बोट दिलं तर त्यांनी ते हळूच आवळलं. उजव्या दंडावर सुई टोचलेली जागा पाझरत होती.

"औषधामुळे रक्त लवकर थांबत नाही. दाबून धरा," नर्स म्हणाली.

काकूंनी कापूस दाबून धरला. तो हळूहळू लाल होत गेला.

"घाबरू नका हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नाही हो." काकूंनी कापसावरची नजर हलवली नाही. "वाहतंय ना? वाहू दे."