खिडकीजवळची खुर्ची

"पर्समधली एक, कोटाच्या खिशातली दुसरी, चष्म्याच्या केसमधली ही तिसरी," असं मोजत तुकतुकीने लिप बामच्या डब्या हेडक्लार्कांच्या टेबलावर मांडल्या. चौथी स्वेटरच्या बाहीतून निघाली.

वाचनालयाच्या कार्यालयात तिचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकाला ठाऊक होतं. थंडी पडली की दर दहा मिनिटांनी तिचे ओठ चकाकायचे आणि हाताळलेल्या प्रत्येक कार्डावर पुदिन्याच्या वासाचं तेलकट बोट उमटायचं. हेडक्लार्कांचं म्हणणं, जितकं लावाल तितके ओठ जास्त फुटतात. ते बंद करा आणि पाणी प्या. हे ते रोज सांगायचे आणि ती ऐकता ऐकता डबी उघडायची. शनिवारी वैतागून ते बोलून गेले होते, "आठवडाभर न लावता राहून दाखवा, माझी खुर्ची तुमची." सोमवारी ती डब्या घेऊन हजर.

ती खुर्ची म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पंधरा वर्षं अकरा ते दोन पाठीवर ऊन. तुकतुकीचं टेबल दाराशी, जिथे गार वाऱ्याने कागदसुद्धा थांबत नसत. ती हरली तर माळ्यावरच्या सगळ्या रजिस्टरांची धूळ तिने झाडायची होती. ग्रंथपाल बाई पंच झाल्या आणि डब्या त्यांच्या कपाटात गेल्या.

हेडक्लार्क डोळ्यात तेल घालून पाहत राहिले. तुकतुकी मात्र मान खाली घालून कामाला लागली होती. पुस्तकं परत न करणाऱ्या वाचकांना स्मरणपत्रं पाठवायचं काम ती एरवी टाळायची. आता आपणहून मागून घेतलं. पत्र घालायचं, पाकिटावर ग्लू स्टिक फिरवायची, आणि ती हातात असतानाच पाकीट तोंडासमोर धरून पत्ता पुन्हा वाचायचा. एकही पाकीट यातून सुटत नव्हतं. एवढी काळजी आजवर कुणी घेतली नाही, हे हेडक्लार्कांनी बाईंना मोकळ्या मनाने सांगितलं.

बुधवारी एका वाचकाचा फोन आला की पाकीट पोचलं, पण उघडं, आत पत्रच नाही. गुरुवारी असेच आणखी दोन. थंडीत गोंद धरत नाही, असं निदान हेडक्लार्कांनी केलं.

खरं नवल वेगळंच होतं. शुक्रवारपर्यंत तुकतुकीचे ओठ फुटायला हवे होते, ते उलट लोण्यासारखे मऊ झाले. खुर्ची जाणार याचं हेडक्लार्कांना दुःख झालं, फार झालं. पण त्यांचं म्हणणं सगळ्यांदेखत खरं ठरलं होतं आणि त्या आनंदात त्यांनी शनिवारी स्वतःच आपली उशी उचलली.

"तुमचं ऐकलं म्हणून जमलं, साहेब," तुकतुकी म्हणाली. "पाकिटांचं काम आता तुमच्याकडे. सामान ड्रॉवरमध्येच ठेवलंय, लागेल तुम्हाला."

"पाणी मात्र सोडू नका," ते म्हणाले.

सोमवारी ते दाराशी बसले. दुपारपर्यंत त्यांचे ओठ आधी ताणले, मग फुटले. हसायची सोय उरली नाही. पाण्याचा पाचवा ग्लास पोटात गेला, तरी फरक पडेना. बामचं नाव काढणं तर शक्यच नव्हतं. तिकडे उन्हात तुकतुकी, डब्या परत मिळाल्यामुळे, पुन्हा चकाकत होती.

कामात जीव रमवावा म्हणून त्यांनी पहिलं पाकीट घेतलं, ड्रॉवरमधली ग्लू स्टिक फिरवली आणि दाबलं. पाकीट उघडलं. पुन्हा फिरवली, पुन्हा उघडलं. त्यांनी बोट लावून पाहिलं. बोट चिकटलं नाही, घसरलं; आणि त्याला पुदिन्याचा वास आला.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. तुकतुकीने काही मान वर केली नाही. काही अडलंय का, असं बाईंनी आतून विचारलं.

"नाही, नाही," हेडक्लार्क म्हणाले. "पत्ता बघतोय." आणि ग्लू स्टिक हातात तशीच ठेवून त्यांनी पाकीट तोंडासमोर धरलं.