बधिर ओठ

लेकीच्या लग्नाचे फोटो बघताना नवरा पाहुण्यांदेखत म्हणाला होता, "हिचं तोंड बघा, नाडी ओढलेल्या पिशवीसारखं झालंय!" सगळे हसले. तीही हसली. संसारभर ओठ आवळून गप्प बसली होती. त्यामुळंच तर ओठांभोवती एवढ्या सुरकुत्या पडल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी आधी लेसर सुचवलं, मग फिलरची इंजेक्शनं. तिनं इंजेक्शनं घेतली.

"ओठ जरा बधिर वाटतील," बाई म्हणाल्या. "जेवायच्या वेळेपर्यंत बधिरपणा जाईल."

दुपार टळली तरी ओठ बधिरच होते. नवरा खुर्चीत पेपर वाचत होता. त्यानं तिच्याकडे मान वर करूनही पाहिलं नव्हतं. ती समोर बसून मुकाट्यानं कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काय म्हणालीस?" त्यानं एकदम विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. ती काहीच बोलली नव्हती.

थोड्या वेळानं पेपर त्याच्या हातातून गळून पडला. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"हे तुला कुणी सांगितलं? ती गेली तेव्हा मी तिथं नव्हतो. तुझी शपथ!"

कोण गेली? तिला काही कळेना. आपलेच ओठ नकळत हलताहेत की काय, म्हणून तिनं चाचपून पाहिलं. बोटांखाली ओठ गुळगुळीत लागले, आणि घट्ट मिटलेले.

नवरा खुर्चीसकट मागे सरकत भिंतीला टेकला होता. त्यानं दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते.

"पुरे," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "पाया पडतो तुझ्या, गप्प बस."